जीआर न निघताही धोरण बदलतं

समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "तांत्रिक आणि सामाजिक बदलांचा समाजकल्याण धोरणावर परिणाम होतो, असं आमच्या पुस्तकात लिहिलंय. पण परिणाम होतो म्हणजे नेमकं काय होतं? धोरण कोण बदलतं? आणि गावात काम करणाऱ्याला ते कुठे दिसतं?"

प्रश्न चांगला आहे. निराधार पेन्शन, रेशन आणि रोजगार हमी या तीन विषयांवर मी तालुक्याच्या पातळीवर बरीच वर्षं काम करतोय, म्हणून उत्तरही तिथूनच देतो. थोडक्यात सांगायचं तर समाज बदलतो तशी गरजू माणसं बदलतात, आणि तंत्रज्ञान बदलतं तशी ज्यांच्यापर्यंत मदत पोचते ती माणसं बदलतात. यातला बराचसा बदल विधानसभेत चर्चा न होता, जीआर न निघता होऊन जातो. माझ्या मते तुमच्या अभ्यासाचा गाभा हा असायला हवा.

आधी उघडपणे झालेल्या बदलाचं उदाहरण घ्या, म्हणजे फरक कळेल. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो माणसं दुष्काळी कामांवर आली. तोपर्यंत अशी कामं म्हणजे सरकारची मेहेरबानी होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मागेल त्याला काम ही कल्पना लावून धरली. 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. पैसा कुठून आणायचा, तर 1975 च्या कायद्याने नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला. आजही पगाराच्या स्लिपवर जी कपात दिसते, तिचा उगम हा. शहरातल्या पगारदाराने गावातल्या मजुराच्या कामाचा खर्च उचलायचा, हे त्या काळी सभागृहात बोलून, भांडून ठरलं होतं.

आता त्याच योजनेत पुढे काय झालं ते बघा. मनरेगाच्या, म्हणजे केंद्राच्या रोजगार हमीच्या, कामांवर हजेरीसाठी मोबाईल अॅप आलं. 1 जानेवारी 2023 पासून जवळजवळ सगळ्या सार्वजनिक कामांवर ते सक्तीचं झालं. मजुरांचा फोटो सकाळी एक आणि दुपारनंतर दुसरा, वेळ आणि जागेच्या नोंदीसह. हेतू चांगला होता, कारण बोगस हजेरीपट हा रोजगार हमीचा जुना रोग आहे. पण आपल्याकडे या कामाची मजुरी मोजमापावर ठरते. किती खड्डा खणला, किती माती टाकली, त्यावर दाम. उन्हाळ्यात मजूर पहाटेच कामाला लागतात आणि ऊन चढायच्या आत नेमून दिलेलं काम संपवून घरी जातात. दुसरा फोटो दुपारनंतरचा म्हटल्यावर काम संपवून बसलेल्या बाईला एप्रिलच्या उन्हात फोटोसाठी थांबावं लागलं, नाहीतर पुन्हा यावं लागलं. मोजमापाची मजुरी प्रत्यक्षात घड्याळाची झाली. हा केवढा मोठा धोरणात्मक बदल आहे, पण कुठल्याही कायद्यात तो लिहिलेला नाही. अॅप बनवणाऱ्याच्या मनात कामाचा दिवस म्हणजे सकाळ ते संध्याकाळ असा होता, एवढंच. शिवाय मेळघाटात आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात रेंज मिळेपर्यंत वाट बघणं आलंच.

बरं, बोगसगिरी तरी थांबली का? जुलै 2025 मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने स्वतःच परिपत्रक काढून सांगितलं की या अॅपवर फोटोचा फोटो काढून टाकला जातोय, कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जातायत. चोरी करणाऱ्याने वाट शोधली. थांबून राहावं लागलं ते प्रामाणिक मजुराला.

निराधार योजनेकडे येतो, कारण समाजातला बदल आणि यंत्रातला बदल एकाच माणसाच्या अंगावर कसे येतात हे तिथे सगळ्यात स्वच्छ दिसतं. संजय गांधी निराधार अनुदान योजना 1980 पासून आहे. विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजारी, दिव्यांग, अशांसाठी. लोक तिला "निराधारचा पगार" म्हणतात. 2023 मध्ये महिना 1500 रुपये झाले, दिव्यांगांसाठी 2025 मध्ये ते 2500 झाले. दिव्यांग सोडून बाकीच्यांसाठी कुटुंबाची उत्पन्नमर्यादा आहे वर्षाला 21,000 रुपये.

हा आकडा जरा थांबून बघा. 2024-25 मध्ये महाराष्ट्रात मनरेगाची मजुरी दिवसाला 297 रुपये होती. तेव्हाच्या कायद्याने हमी दिलेले 100 दिवस एका कुटुंबाने काम केलं तर 29,700 रुपये होतात. म्हणजे सरकारने हमी दिलेलं काम पुरतं मिळालं तर त्याच सरकारच्या लेखी ते कुटुंब निराधार राहत नाही. मग इतकी माणसं पात्र कशी ठरतात? उत्पन्नाचा दाखला एकवीस हजारांच्या आतला निघतो म्हणून. तलाठ्याला ठाऊक असतं, तहसीलदाराला ठाऊक असतं, संजय गांधी समितीत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. एका खोलीत राहणारी, दोन घरची धुणीभांडी करणारी विधवा गरीब आहे हे डोळ्यांना दिसतं, आणि नियमाचा आकडा महागाईच्या फार मागे राहिलाय हेही दिसतं. म्हणून सगळे मिळून कागद जमवतात. मी याला भ्रष्टाचार म्हणत नाही. नियम जुना झाला की खालची माणसं तो असा वापरण्याजोगा ठेवतात.

आता त्याच बाईचं रेशनकार्ड घ्या. प्राधान्य कुटुंबाची मर्यादा गावात 44,000 आणि शहरात 59,000 रुपये. तिने तिथे 40,000 लिहिलेलं असतं, आणि ते कायद्यात बसतं.  जोवर हे दोन कागद दोन टेबलांवर होते तोवर दोन्ही टेबलांवर ती पात्र होती. सगळा डेटा आधारने जोडला गेला की एका पडद्यावर दोन उत्पन्नं दिसतात आणि ती बाई "बोगस लाभार्थी" ठरते. तिची गरिबी होती तेवढीच आहे. मर्यादेचा आकडा कुणी वाढवला नाही, कुणी कमी केला नाही. तरीही योजनेतून माणसं गळतात. संगणकीकरणाने पारदर्शकता आली असं लिहिताना हे जरूर लिहा की आकडे सुधारायच्या आधी आपण ते जोडले.

पैसे खात्यात जायला लागल्यावर काय होतं त्याचंही एक जवळचं उदाहरण देतो. साठी ओलांडलेली एक बाई पासबुक घेऊन येते. प्लॅस्टिकच्या पिशवीत पासबुक, आधारकार्ड, रेशनकार्डाची झेरॉक्स, सगळं नीट घडी घालून. "माझा पगार बंद झालाय." तहसीलमध्ये यादी बघितली तर नाव आहे, रक्कम गेलीय. बँकेत विचारलं तर जमा नाही. दोन्ही कचेऱ्या खरं बोलतायत. आधारवर आधारित पैसे हे खाते क्रमांकावर जात नाहीत. आधार ज्या खात्याला सगळ्यात शेवटी जोडलं गेलं असेल तिथे जातात. गावात कुणीतरी टेबल टाकून बसलं होतं, सिमकार्डाबरोबर खातं उघडून देत होतं, हिने अंगठा दिला होता. पैसे तिकडे साठत होते. तिला ते खातं आपल्याकडे आहे हेच माहीत नव्हतं. 2017 मध्ये एका मोबाईल कंपनीच्या पेमेंट बँकेत लाखो ग्राहकांचं गॅसचं अनुदान असंच त्यांच्या नकळत वळलं होतं आणि आधार प्राधिकरणाला कारवाई करावी लागली होती. तो प्रश्न मोठ्या प्रमाणावर सुटला असेल, पण एकेकट्या बाईच्या बाबतीत तो रोज घडतो. दुरुस्ती दहा मिनिटांची असते. ती कुठे करायची हे सांगणारं माणूस भेटेपर्यंत महिने जातात.

समाज बदलला आणि फॉर्म तसाच राहिला, याचं सगळ्यात ताजं उदाहरण लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीचं. योजना जुलै 2024 मध्ये आली. दोन कोटींहून जास्त बायका काही महिन्यांत नोंदल्या गेल्या. मोबाईल आणि अंगणवाडी सेविका नसत्या तर हे शक्यच नव्हतं, हे मान्य करायला हवं. मग सप्टेंबर 2025 मध्ये ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची पडताळणी, सक्तीची झाली. त्यात स्वतःच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक टाकायचा आणि त्यांच्या मोबाईलवर आलेला ओटीपी भरायचा. आता नवरा वारलेला, वडीलही वारलेले, अशा बाईने काय करायचं? घटस्फोटितेने ज्या माणसापासून सुटका करून घेतली त्याच्याकडे ओटीपी मागायचा? परित्यक्तेचा नवरा कुठल्या शहरात आहे हेच तिला माहीत नसतं. योजनेच्या यादीत विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता यांची नावं ठळक लिहिलेली होती, आणि फॉर्मच्या रकान्यात नेमक्या त्याच बायका अडकल्या. ओरड झाल्यावर सरकारने मुदत 31 डिसेंबर 2025 पर्यंत वाढवली आणि अशा बायकांसाठी मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे देण्याची सोय केली. चांगलं झालं. पण परित्यक्तेकडे कसला आदेश असतो? तिला कोर्टाने सोडवलेलं नसतं, नवऱ्याने टाकलेलं असतं, आणि टाकल्याचा कुठला आदेश निघत नाही. महाराष्ट्रात परित्यक्तांचा प्रश्न ऐंशीच्या दशकापासून चळवळींनी मांडलाय, निराधार योजनेत त्यांचं नाव आहे, पण सॉफ्टवेअर लिहिताना तो सगळा इतिहास कुणी समोर ठेवला नाही.

कुटुंबाचंही असंच. आपल्या सगळ्या योजना चूल मोजतात. पण मुलगा पुण्याला, कार्डावर नाव गावात, म्हातारी एकटी. त्याचं उत्पन्न तिच्या दाखल्यात धरलं जातं, मनिऑर्डर मात्र येत नाही. आई-वडिलांच्या चरितार्थाचा 2007 चा कायदा आहे, पण मुलावर अर्ज करायला आई तयार होत नाही, आणि मला ते चुकीचं वाटत नाही.

हे वाचून मी यंत्राच्या विरोधात आहे असं समजू नका. बोटं झिजलेल्या हातांचा अंगठा रेशन दुकानातलं मशीन घेत नाही हे खरं, पण पूर्वी दुकानदार कोटा संपला म्हणून हात वर करायचा आणि धान्य रातोरात बाजारात जायचं, हेही खरं. पेन्शनच्या रकमेतून वाटेत चहापाणी कापलं जायचं. खात्यात थेट पैसे आल्याने बाईच्या हातात पूर्ण रक्कम पडते, आणि नवऱ्याला न विचारता ती खर्चता येते. ऊसतोड मजुरांचं बघा. बीड, जालना, परभणी, धाराशिव इथून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्याच्या तळावर. पूर्वी त्या काळातलं रेशन बुडायचंच. ऑगस्ट 2019 मध्ये देशात कुठेही रेशन घेण्याच्या सोयीची सुरुवात ज्या पहिल्या चार राज्यांत झाली, त्यात महाराष्ट्र होता, गुजरातच्या जोडीने. कोल्हापूरच्या तळावर बीडचं कार्ड चालणं, हे कागदी कार्डाच्या काळात अशक्य होतं. अडचणी राहतात. कोयता, म्हणजे तोडणीचं जोडपं, तळावर असतो, म्हातारी आणि शाळेतली पोरं गावात, आणि धान्य दोन ठिकाणी कसं विभागून घ्यायचं हे त्यांना कुणी समजावलेलं नसतं. अनोळखी गावचा दुकानदारही टाळाटाळ करतो. पण स्थलांतर हा जुना सामाजिक बदल आणि धोरणाने त्याला दिलेलं हे पहिलं खरं उत्तर तंत्रज्ञानामुळेच शक्य झालं.

म्हणून मशीन असावं की नसावं हा प्रश्न तुमच्या प्रबंधात घेऊ नका. मशीनने नाही म्हटल्यावर कोण काय करतो, हा घ्या. कागदावर उत्तर तयार आहे. आधार प्राधिकरणाने 24 ऑक्टोबर 2017 ला परिपत्रक काढून सांगितलं की अंगठा जुळला नाही म्हणून रेशन किंवा लाभ नाकारायचा नाही, ओटीपी किंवा इतर मार्ग वापरायचे आणि अपवादाची नोंदवही ठेवायची. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर 2018 च्या आधार निकालातही हीच काळजी आहे. तुम्ही कुठल्याही रेशन दुकानात जाऊन ती नोंदवही मागून बघा. मला ती फारच क्वचित दिसली आहे. डॅशबोर्डवर किती व्यवहार झाले ते येतं. परत पाठवलेला माणूस कुठल्याच नोंदीत येत नाही, म्हणून सचिवालयातल्या अधिकाऱ्याला योजना उत्तम चाललेली दिसते. तो खोटं बोलत नसतो.

तेलंगणात याचं टोक गाठलं गेलं. संगणकावर वेगवेगळ्या विभागांचा डेटा जुळवून सुमारे 19 लाख रेशनकार्डं रद्द झाली होती, नोटीसही न देता. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यक्ष घरी जाऊन फेरतपासणी करायला सांगितलं. श्रीमंत देशांतही हेच घडलंय. ऑस्ट्रेलियात 2015 नंतर काही वर्षं एका स्वयंचलित पद्धतीने लोकांचं वर्षाचं उत्पन्न 26 पंधरवड्यांत सारखं वाटून हिशेब केला आणि लाखो गरिबांना न घेतलेल्या पैशांची वसुलीपत्रं पाठवली. हंगामी काम करणाऱ्याचं उत्पन्न सारखं नसतं, एवढी साधी गोष्ट त्यात सुटली. तिथे चौकशी आयोग बसला आणि 2023 च्या अहवालाने ती योजना बेकायदा आणि क्रूर ठरवली. ऊसतोडीवर जाणाऱ्या कुटुंबाचं उत्पन्न महिन्यावर भागून कुणी उद्या पात्रता ठरवायला लागलं, तर आपल्याकडेही तेच होईल.

शेवटचा मुद्दा पैशाचा. पुस्तकं तो सहसा टाळतात. कल्याणाचा निधी कशावर बेतला आहे, यावर तंत्रज्ञान आल्यावर तो टिकतो की आटतो हे ठरतं. 1969 चा माथाडी कायदा हा महाराष्ट्राचा अभिमान आहे. अण्णासाहेब पाटील यांची मुंबईतली चळवळ आणि पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत, यांच्या झगड्यातून हमालाला मंडळ मिळालं. एका हमालाचे दहा मालक असतात, म्हणून मालकांनी मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे ठराविक वर्गणी, मंडळात भरायची, आणि मंडळाने भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा द्यायची. अॅपवर जेवण पोचवणाऱ्या मुलाची अडचण हुबेहूब हीच आहे, तो कुणाचाच नोकर नाही. म्हणून मंडळाची कल्पना आजही कामाची आहे. पण माथाडीची लेव्ही मजुरीवर बसते. फोर्कलिफ्ट आलं, हमाली घटली, की लेव्हीही घटते.

याउलट ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे 10 रुपये आणि तेवढेच सरकारकडून, असं ठरलं. टन कोयत्याने तोडला की हार्वेस्टरने, वर्गणी तीच. हे महत्त्वाचं आहे, कारण 2023 मध्ये राज्याने 900 ऊसतोडणी यंत्रांसाठी 40 टक्के, जास्तीत जास्त 35 लाखांपर्यंत अनुदान जाहीर केलं. म्हणजे एका हाताने सरकार कोयता कमी करतंय आणि दुसऱ्या हाताने कोयत्यासाठी निधी गोळा करतंय. तो निधी निदान टनाला बांधलेला आहे, हे बरं. तोडणी सुटलेल्या जोडप्याला त्यातून काय द्यायचं, हे मात्र अजून कुणी नीट सांगितलेलं नाही. त्यांना पुढचं काम लागेल, घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फेडायला मदत लागेल, मुलांची वसतिगृहं तर लागतीलच.

अॅपवरच्या कामगारांचं बघताना हीच कसोटी लावा. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत कंपनीच्या वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के वर्गणी आहे, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या 5 टक्क्यांपुरती मर्यादित. कंपनीने कामगाराचा दर पाडला की वर्गणीही पडू शकते. राजस्थानच्या 2023 च्या कायद्याने प्रत्येक व्यवहाराला वर्गणी बांधली. मला राजस्थानची रचना पटते. ग्राहकाने मागवलं की पैसा मंडळात पडला, मग वाहून नेणारा सायकलवर असो वा उद्या आणखी कशावर.

प्रबंधासाठी एकच तालुका घ्या, सगळा जिल्हा नको. लाभार्थ्यांची यादी मिळेलच, ती कुणीही देतं. तुम्ही नाकारलेल्यांची आणि थांबवलेल्यांची यादी मागा, माहितीच्या अधिकारात मागा, आणि कारणाच्या रकान्यासकट मागा. "केवायसी अपूर्ण", "आधार जुळत नाही", "उत्पन्न जास्त" अशी कारणं दिसतील. त्यातल्या पन्नासेक घरी जा. मयत लिहिलेली माणसं अंगणात बसलेली भेटतील, आणि खरोखर गावात बंगला बांधलेलेही भेटतील, दोन्ही लिहा. कारण कोणत्या तारखेला नोंदलं आणि त्या माणसाला ते कधी कळलं, या दोन तारखा प्रत्येक घरी विचारा. त्यांच्यातलं अंतर महिन्यांत काढा आणि ते कोष्टक प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात घाला.